अमेरिकेतला क्रेडिट स्कोअर: दोघं येणार असाल तर

पुढच्या वर्षी नवरा-बायको अमेरिकेला येताय, सिबिल ८०० च्या वर आहे, तो इकडे चालेल का आणि इकडचा स्कोअर दर महिन्याला का हलतो, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते.

सिबिल ही ट्रान्सयुनियनचीच कंपनी (ट्रान्सयुनियन म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारा इकडचा एक ब्युरो), पण तुमची तिकडची नोंद इकडच्या ट्रान्सयुनियनकडे आपोआप येत नाही. एक्विफॅक्स आणि एक्सपिरियन ह्या दुसऱ्या दोन ब्युरोंकडेही कोरी पाटी. पहिलं खातं साधारण सहा महिने जुनं झाल्याशिवाय फायको स्कोअर, म्हणजे इकडे सर्वाधिक वापरला जाणारा क्रेडिट स्कोअर, तयारच होत नाही. पुढे तो ३०० ते ८५० मध्ये फिरतो.

हलण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण सांगते. सुरुवातीला अनामत ठेवून कार्ड मिळतं, लिमिट समजा ५०० डॉलर. त्यावर ४५० चं विमानाचं तिकीट काढलं आणि मुदतीच्या आत पूर्ण पैसे भरले, तरी स्कोअर पडू शकतो. कारण बँक सहसा स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची बाकी कळवते, आणि त्या दिवशी ९० टक्के लिमिट वापरलेलं दिसतं. पुढच्या महिन्यात बाकी कमी कळवली गेली की स्कोअर सावरतो. म्हणून मोठा खर्च झाला की स्टेटमेंटच्या आधीच भरून टाका. घाबरायचं ते हप्ता चुकण्याला. ३० दिवस उलटले की नोंद होते आणि ती सात वर्षं राहते. फायकोमध्ये वेळेवर भरण्याचंच वजन सर्वाधिक, सुमारे ३५ टक्के. पगार मात्र त्यात धरतच नाहीत. नव्या कार्डाच्या अर्जाने थोडे अंक जातात, कर्ज फेडून खातं बंद झालं तरी कधी कधी जातात. त्याचा त्रास करून घेऊ नका.

आता तुम्ही न विचारलेलं. नवरा-बायकोचा मिळून एक स्कोअर नसतो. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या डिपेंडंट व्हिसावर आले. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर (इकडचा सरकारी ओळख क्रमांक) नाही, आणि नंबर नाही म्हणून बँकेतला माणूस कार्डाचा अर्जही पुढे सरकवेना. तिकडे मी बँकेत लोकांची कर्जं मंजूर करत होते हो! भाड्याच्या घराच्या ऑफिसातली बाई सगळे प्रश्न ह्यांना विचारायची. ह्यांचा स्कोअर चढत होता, ह्यांचं इकडे बस्तान बसत होतं, आणि माझ्या नावावर काहीच नव्हतं. एकटेपणा ओळखी झाल्यावर गेला, ही गोष्ट अजून जात नाही. परवानगी आल्यावर ह्यांच्या जुन्या कार्डावर माझं नाव घातलं आणि स्वतःचं अनामतीचं कार्ड काढलं. आता स्कोअर उत्तम आहे, पण मधली वर्षं कुठल्या रिपोर्टात येत नाहीत.

तुमच्या दोघांपैकी डिपेंडंट व्हिसावर कोण येणार, ते लिहिलं नाहीत. जो येईल त्याचं नाव पहिल्याच कार्डावर घालता येतं का, आणि कार्ड कंपनी ती नोंद ब्युरोला कळवते का, हे अर्ज करण्याआधी फोन करून विचारा. काही कंपन्या त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागत नाहीत.