स्वस्त आयातीमुळे कारखाना बंद होतोय, राजीनाम्यावर सही करू का?

प्रश्न: मी स्क्रू-बोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सर्व्हिस 16 वर्षं 7 महिने, पगार 18 हजार, ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो. आम्ही 86 कामगार आहोत. बाहेरच्या स्वस्त मालामुळे ऑर्डरी गेल्या, पुढच्या महिन्यात कंपनी बंद करणार म्हणतात. 'परिस्थिती आमच्या हाताबाहेरची आहे, तीन महिन्यांचा पगार घ्या आणि राजीनाम्यावर सही करा' असं चाललंय. काहींनी सही केलीसुद्धा. आयातीमुळे काम गेलं तर अमेरिकेत सरकार मदत करतं, असं मुलाने वाचलंय. आपल्याकडे असं काही आहे का?

उत्तर: ताई, बाकी सगळं नंतर. आधी एवढं ऐका, त्या कागदावर सही करू नका.

तुम्ही पाठवलेला राजीनाम्याचा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझे कंपनीकडे काहीही येणे बाकी नाही.' खाली तारखेची जागा कोरी. या दोन ओळींनी 'कारखाना बंद पडला म्हणून काम गेलं' याचं 'बाईंनी स्वतःहून काम सोडलं' असं होतं, आणि तुमचे निम्मे हक्क तिथेच संपतात.

मुलाने वाचलं ते बरोबर आहे. अमेरिकेत 1962 पासून अशी योजना होती, 1974 च्या व्यापार कायद्याने ती वाढवली. तीन कामगार मिळूनही अर्ज करू शकत. मंजूर झाला की नव्या कामाचं प्रशिक्षण आणि त्या काळात भत्ता मिळे. पण 1 जुलै 2022 पासून तिथेही नवे अर्ज मंजूर होणं थांबलं आहे. आपल्याकडे आयातीमुळे काम गेलं म्हणून वेगळी मदत नाही. परदेशातून फार स्वस्तात येणाऱ्या मालावर अँटी-डम्पिंग ड्युटी, म्हणजे जादा कर, लावताना रोजगारावर काय परिणाम झाला हे तपासतात, मात्र ड्युटीचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं काम गेलं त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

तरी तुमचे हात रिकामे नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्या कलम 75 प्रमाणे कारखाना बंद झाला की एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सर्व्हिसच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 17 वर्षं. हिशेब होतो 9 हजार गुणिले 17, म्हणजे 1 लाख 53 हजार. कंपनी देतेय 54 हजार.

तीन महिन्यांचा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने कारखाना बंद झाला, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती ठेवता येते. मात्र त्याच कलमात पुढे स्पष्टीकरण आहे: केवळ आर्थिक अडचण, तोटा किंवा माल विकला न जाता साठून राहणं ही अशी कारणं धरायची नाहीत. स्वस्त आयातीने नेमकं हेच झालंय ना? तोटा झाला, माल पडून राहिला. कंपनीच्या माणसासमोर हे स्पष्टीकरण मोठ्याने वाचून दाखवा.

ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल काम सुटताना मिळणारी रक्कम, याच्याहून वेगळी. 18 हजार पूर्ण हिशेबात धरले तर 15 भागिले 26 च्या सूत्राने (महिन्याचे 26 दिवस धरून दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार) 17 वर्षांचे सुमारे 1 लाख 76 हजार होतात. राहिलेला पगार काम सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत मिळायला हवा.

आता ईएसआय. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 पासून आहे आणि ती कारखाना बंद पडून किंवा कपातीत काम गेलेल्यांसाठी आहे. पहिलं वर्ष पगाराच्या निम्मा भत्ता, दुसरं वर्ष पाव, आणि तोवर कुटुंबाला ईएसआयचा दवाखाना. तुमच्या बाबतीत महिना 9 हजार, मग साडेचार हजार. स्वतःहून सोडणाऱ्याला यातला रुपयाही मिळत नाही. म्हणून त्या सहीची मला एवढी धास्ती वाटते.

86 कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारी परवानगी लागत नाही, ती 300 पासून पुढे. पण सरकारला 60 दिवस आधी नोटीस द्यावीच लागते. ती दिली आहे का, हे उद्याच सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारा. पाच-सहा जणी मिळून जा, आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. 'आम्ही राजीनामा दिलेला नाही, काम करायला तयार आहोत' असं पत्र कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवा. ज्यांनी सही केली त्यांनी 'दबावाखाली घेतली, ती मागे घेतो' असं याच आठवड्यात लिहून द्यावं. उशीर झाला की दबाव होता हे पटवणं जड जातं.

नियुक्तीपत्र, पगारस्लिपा, ईएसआय कार्ड, पीएफचं पासबुक यांच्या झेरॉक्स गेट बंद व्हायच्या आत काढून घरी ठेवा. कंपनीने पैसे अडवले तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो. तेव्हा समोरचा पहिला प्रश्न असेल, तुम्ही इथे कामाला होता कशावरून?