‘एकही पान झाले नाही’ असे लिहिलेला दिवस

सत्र संपत आले की माझ्याकडे येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते : “काम तर केले, पण त्यातून मी शिकलो काय, हे लिहिता येत नाही.” विषय स्वतः निवडायचा, आखणी स्वतः करायची, वर्गाबाहेर प्रत्यक्ष काम करायचे आणि शेवटी त्या अनुभवावर चिंतन लिहून क्रेडिट (श्रेयांक) मिळवायचे, असा अभ्यासक्रम त्यांनी घेतलेला असतो. वर्षानुवर्षे ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहिलेल्या या मुलांना येथे प्रश्नही आपणच शोधायचा असतो आणि तेच त्यांना सर्वांत जड जाते.

त्यांच्यापैकी एकाची हकिगत येथे सांगते. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो अर्थशास्त्राचा विद्यार्थी. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम त्याने स्वतःहून निवडले होते. सोळा आठवड्यांत पाच पुस्तके पूर्ण करण्याचे त्याने योजनेत लिहून दिले होते. झाले होते दीड.

“मॅडम, आता चिंतन कशावर लिहू? अपयशावर?” पहिल्या भेटीत त्याने विचारले. त्याच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होते : ‘या उपक्रमामुळे माझ्यात संयम, संवादकौशल्य आणि वेळेचे नियोजन हे गुण विकसित झाले.’

“हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या अहवालात घातले, तर चालेल का?” मी विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. “कोणाच्याही चालेल,” असे अखेर म्हणाला.

पुढच्या दोन भेटींत आम्ही मसुद्याला हात लावला नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचाराकडे माझा कल आहे आणि इतक्या वर्षांच्या कामाने तो अधिकच पक्का झाला आहे. स्वतःच्या प्रतिमेला धक्का देणारे काही शिकायचे असेल, तर बाहेरून येणारा धाक कमी असावा लागतो, हे त्यांनी फार स्पष्टपणे मांडले. हा मुलगा प्रत्येक ओळ परीक्षकाला समोर बसवून लिहीत होता, म्हणून जे खरोखर घडले ते कागदावर येतच नव्हते. मी त्याला फक्त त्याची नोंदवही आणायला सांगितली आणि त्यातले काहीही कोणी तपासणार नाही, याची खात्री दिली.

चौथ्या भेटीत ती वही चाळताना एका पानावर एकच ओळ दिसली : ‘आज एकही पान झाले नाही.’ खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

“त्या दिवशी काय झाले?”

“काही नाही. एका आलेखावर अडलो.”

“अडलास म्हणजे नेमके काय झाले?”

मग तो सांगू लागला. ज्या विद्यार्थ्यासाठी तो वाचत होता, त्याने ध्वनिमुद्रण ऐकून विचारले होते, “‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असे म्हणून तू पुढे गेलास, पण आकृतीत दाखवले आहे काय?” तो आलेख मागणीवक्राचा होता. “एक रेषा डावीकडून उजवीकडे खाली येते, शेजारी तशीच दुसरी आहे,” असे याने सांगितले. “आणि दुसरी कुठून आली? किंमत बदलली की मागणी त्याच रेषेवर सरकते ना?” ऐकणाऱ्याने विचारले. या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. किंमत बदलल्यावर आपण त्याच वक्रावर सरकतो आणि उत्पन्नासारखे दुसरे काही बदलले की संपूर्ण वक्रच सरकतो, हा भेद त्याने परीक्षेत अनेकदा लिहिला होता. समोर न दिसणारी आकृती शब्दांत उभी करताना मात्र तो भेद त्याला सापडेना. दोघे दोन तास त्यावर बसले होते.

हे सांगता सांगता तो मध्येच थांबला. मीही काही बोलले नाही. नंतर तो हळूच म्हणाला, “मॅडम, आजवर मी तो आलेख नुसता काढत होतो.”

“आणि दुसऱ्या दिवशी काय केलेस?”

“प्रत्येक आकृतीचे वर्णन आधी लिहून काढू लागलो. ते त्याला ऐकवायचो आणि त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचो. म्हणून तर पुस्तके मागे पडली.”

ज्या संथपणाला तो अपयश म्हणत होता, त्यातच त्याचे सारे शिक्षण होते. अनुभव आला, त्यावर विचार झाला, त्यातून एक समज तयार झाली आणि ती पुढच्या कामात पडताळून पाहिली गेली. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेले अनुभवातून शिकण्याचे हे चक्र या मुलाने, त्याचे नावही न ऐकता, पूर्ण केले होते. ते मी त्याला सांगितले नाही, आपण होऊन त्याच्या लक्षात येऊ दिले, याचे मला आजही समाधान आहे.

असे विद्यार्थी पाहून माझे एक मत झाले आहे. त्यांच्यापाशी अनुभवाची उणीव नसते. अपेक्षा आणि वास्तव यांतील तफावत ते लाजेपोटी खोडून टाकतात आणि खरे तर लिहिण्याजोगी ती तफावतच असते. सगळेच अनुभव सारखे शिकवणारे नसतात, असे शिक्षणविषयक तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच सांगितले होते. युरोपीय पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते, पण तास हे केवळ माप आहे. क्रेडिट मिळते ते शिकल्याच्या पुराव्याला. म्हणून सोळा आठवड्यांचा वृत्तान्त देण्यापेक्षा एक प्रसंग घ्यावा आणि मला काय वाटले होते, काय घडले, फरक का पडला आणि त्यानंतर मी काय वेगळे केले, हे त्या प्रसंगापुरते सविस्तर लिहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर लेखन बहुधा कबुलीजबाबापाशीच थांबते.

उद्दिष्ट बदलले तर ते लपवू नये. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये शिकण्याच्या कराराची कल्पना सविस्तर मांडली, तीत उद्दिष्ट, साधने, पुरावा आणि निकष शिकणाऱ्यानेच लिहायचे असतात. ज्याने ते लिहिले, त्याने कारण देऊन, तारीख घालून आणि मार्गदर्शकांना वेळीच कळवून ते बदलण्यात गैर काही नाही. या मुलाने आठव्या आठवड्यातच तसे केले असते, तर पुढचे दोन महिने त्याला अपराधी वाटले नसते.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. खासगी वही आणि सादर करायचे लेखन वेगळे ठेवावे. चिंतन म्हणजे मनातले सगळे उघड करणे नव्हे; जे दुखते ते परीक्षकाला दाखवण्याचे बंधन कोणावरही नाही.

मुदत आठवड्यावर आली असेल आणि कागद कोरा असेल, तर नोंदवहीतील सर्वांत कमी लिहिलेला दिवस शोधावा. त्या दिवशी नेमके कोण काय म्हणाले, एवढेच आठवून आधी लिहावे. गुणांची आणि कौशल्यांची नावे त्या पानावर येऊ देऊ नयेत.