व्हेज मोमोच्या सारणाला पाणी सुटतं, पारी फाटते आणि तरीही मोमो कोरडे लागतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कोबी-गाजर परतून, सोया सॉस घालून सारण केलं, तरी भरताना त्याला पाणी सुटलं. वाफवल्यावर निम्मे मोमो तळाला चिकटून फाटले आणि जे धड निघाले ते कोरडे लागले. पाणीही जास्त आणि कोरडेही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण भाजीच्या मोमोत नेमकं हेच होतं.

कारण मोमो मुळात मांसाचा. तिबेटच्या पठारावर भाजीपाला कमी, त्यामुळे सारण याकच्या किंवा मेंढीच्या मांसाचं. वाफेवर त्यातली चरबी वितळते आणि पहिल्या घासाला जो रस तोंडात येतो तो तिचा. कोबीत चरबी जवळजवळ नाहीच. वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी. ते पाणी पारी भिजवतं, फाडतं, निथळून जातं आणि आत चोथा उरतो. म्हणून भाजीच्या मोमोत दोन कामं आपल्याला करावी लागतात. आधी पाणी काढायचं, मग त्या जागी स्निग्धपणा घालायचा. पहिलं बरेच जण करतात, दुसरं राहून जातं.

मी काही वर्षं सिलिगुडीत राहिले. शेजारच्या नेपाळी दिदी मूळच्या दार्जिलिंगच्या, भाजीचे मोमो त्यांच्याकडूनच शिकले. त्या कोबी किसत नसत, सुरीने अगदी बारीक चिरत. किसलेल्या कोबीचा लगदा होतो, चिरलेला दाताखाली लागतो. ४०० ग्रॅम कोबी आणि एका गाजराला एक चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवायचं. मग सुती फडक्यात बांधून पिळायचं, आणि इथे अजिबात दयामाया नको. दिदी पुरचुंडीला पीळ देत, थांबत, भाजी हलवून पुन्हा पीळ देत. शेवटी मूठभर भाजी दाबून तळहातावर ठेवत. तिचा मुटका तसाच राहिला आणि हाताला ओल लागली नाही, तरच पुढचं काम. पिळलेलं पाणी ओतून देऊ नका. तिकडे मोमोबरोबर पातळ सूप देतात, त्यात ते जातं. फक्त सूपमध्ये मीठ बेताने घाला.

आता या भाजीत दोन मोठे कांदे बारीक चिरून, आलं, लसूण, कोथिंबीर, थोडी मिरपूड आणि तीन मोठे चमचे वितळवलेलं लोणी. तीन चमचे वाचून हात आखडू नका, रस तिथूनच येणार आहे. लोणी नको असेल तर तेवढंच तेल घाला. कांदा मात्र पिळायचा नाही. वाफेवर त्याचं पाणी सुटतं, लोण्यात मिसळतं आणि गोडसर रस होतो. कांदा भरायच्या अगदी आधी मिसळा. सारण मिळून यावं म्हणून १०० ग्रॅम कुस्करलेलं पनीर घालता येईल. सिक्कीम-दार्जिलिंगकडे त्या जागी मऊ छुर्पी, म्हणजे तिकडचं ताजं चीज, असते. मीठ चाखून मगच घाला, कारण पिळल्यावरही भाजीत बरंच उरतं. आणि परतू नका. परतलेला कोबी वाफेवर दुसऱ्यांदा शिजतो आणि गळून जातो. सोया सॉसही मी घालत नाही, त्याने सगळ्या भाज्यांची चव एकच होते.

पारीसाठी २५० ग्रॅम मैदा, साधारण १२५ मिलि साधं पाणी, चिमूटभर मीठ. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवा, दहा मिनिटं चांगला मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. ठेवल्याने मैद्याचा ताण सैलावतो, नाहीतर लाटलेली पारी परत आखडते. लाटी सुपारीएवढी, पारी तीन इंचांची. कडा पातळ, मधला भाग जरा जाड, कारण सारणाचा भार तिथे येतो आणि वर सगळ्या कळ्या एकत्र येतात. ज्यांना हाताने मोदक वळता येतात त्यांना हे शिकवावं लागत नाही, फक्त इथे पारी उकडीपेक्षा लवचीक असते, कळी जरा ओढून दाबता येते. एवढ्या मैद्यात पंचवीसेक मोमो होतात.

वाफवायला मोदकपात्र उत्तम. चाळणीला तेलाचा हात लावा किंवा कोबीची बाहेरची पानं अंथरा, चिकटायचा प्रश्न मिटतो. मोमो एकमेकांना टेकू देऊ नका. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच चाळणी चढवा आणि दहा ते बारा मिनिटांत उतरवा. पारी चकचकीत दिसली आणि बोटाला चिकटली नाही की झालं. भरलेले कच्चे मोमो ओट्यावर अर्धा-अर्धा तास पडून राहिले तर पारी खालून भिजते, तेव्हा एक घाणा वाफेवर असताना दुसरा भरत राहा. जास्त झाले तर ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये ठेवा आणि खायच्या वेळी न वितळवता थेट वाफेवर, दोन-तीन मिनिटं जास्त.

चटणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाजारची शेझवान चटणी घेऊ नका, एवढ्या नाजूक सारणावर ती अन्याय आहे. नेपाळी पद्धतीचं अचार करा: भाजलेले टोमॅटो, भाजलेले तीळ, सुक्या मिरच्या, लसूण आणि टिमूर, म्हणजे जीभ झिणझिणवणारा तिकडचा मसाला. टिमूर आपल्याकडे सहज मिळत नाही, पण आपलं कोकणातलं तिरफळ त्याच कुळातलं आहे. माशाच्या आमटीत घालतो तेच. आतली काळी बी काढून फक्त टरफल घ्या, किंचित गरम करून कुटा आणि चिमूटभरच घाला. जिभेला हलकी झिणझिणी आली पाहिजे, बधिरपणा नको.