वाचकांचे प्रश्न : ल्युपसच्या गोळ्या, लघवीची तपासणी आणि वेचणीचं ऊन

प्रश्न : माझ्या पत्नीला (वय २८, वजन ४२ किलो) ल्युपस आहे. सांधे धरायचे, ताप यायचा, गालांवर लाल चट्टा होता. प्रेडनिसोलोन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने सगळं थांबलं, पण तोंड सुजल्यासारखं गोल झालं आहे. घरचे म्हणतात, गोळ्या गरम पडल्या, बंद करा. एक वैदू पुड्या द्यायला तयार आहे. काय करावं?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : गोळ्या बंद करू नका आणि पुड्या आणू नका. ल्युपसमध्ये कुंपणच शेत खातं : जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उठते. गोळ्यांनी ती आवरते, आजार मुळातून जात नाही.

तोंड गोल होतं ते प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडमुळे. डोस उतरला की काही महिन्यांत चेहरा पूर्ववत होतो. पण डोस डॉक्टरांनीच, पायरीपायरीने उतरवायचा. ही गोळी तीन आठवड्यांहून जास्त चालली की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (तसंच काम करणारं नैसर्गिक संप्रेरक) बनवणं कमी करतं. ती एकाएकी सोडली तर उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब कोसळणं, असं जिवावर बेतू शकतं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा, तिथे स्टेरॉईड इंजेक्शनने देता येतं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी बंद पडते, म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या नेहमी जास्तीच्या घरात ठेवा. गोळी सकाळी, खाल्ल्यावर घ्यायची.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे या आजाराचं पायाचं औषध. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि ते वर्षानुवर्षं चालतं. मर्यादा रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम. तुमच्या पत्नीसाठी २१० होतात, म्हणजे रोज २०० ची एक गोळी. तिला रोज ४०० मिळत असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा, कारण जास्त डोस वर्षानुवर्षं गेला तर डोळ्याच्या पडद्याला इजा होते. पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करावी. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याआधीच.

पुड्यांबद्दल एवढंच : दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉईडच कुटून घातलेलं सापडतं, आणि ते किती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

प्रश्न : मला काहीच त्रास नाही, तरी दर तीन महिन्यांनी लघवी तपासायला सांगतात. एएनए तपासणी पुन्हा केली तर चालणार नाही का?
– एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : नाही चालणार. एएनए ही रक्ताची तपासणी निदानापुरती. ती एकदा पॉझिटिव्ह आली की बहुधा तशीच राहते, आजार वाढला की कमी झाला हे तिच्यावरून कळत नाही. निरोगी माणसांतही ती कधी कधी पॉझिटिव्ह येते, म्हणून नुसत्या त्या कागदावर कुणाला ल्युपस ठरवू नये. तिच्यावर पुन्हा पैसे घालू नका. आजाराचा जोर पाहायला अँटी-डीएसडीएनए, सी३ आणि सी४ या रक्ताच्या तपासण्या कामी येतात.

लघवी मात्र चुकवू नका. ल्युपसमध्ये मूत्रपिंड दुखत नाही. पायांवर सूज आणि लघवीला फेस दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या : जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडा, मधली धार स्वच्छ बाटलीत धरा आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. पाळीच्या दिवसांत देऊ नका. रक्त मिसळतं, तांबड्या पेशी आणि प्रथिनं वाढलेली दिसतात आणि उगाच घबराट होते. साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयात होते. त्यात प्रथिनं दिसली तर प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढतात. ते ०.५ च्या वर टिकून राहिलं तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याचा सल्ला मिळेल. भिऊन टाळू नका, औषध कोणतं द्यायचं ते त्यावर ठरतं. रक्तदाब दर महिन्याला उपकेंद्रात मोजून वहीत लिहा. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाणं मूत्रपिंडाला घातक आहे.

आपल्याकडे सिकलसेलही बराच आढळतो. त्यातही सांधे, हाडं दुखतात आणि रक्त कमी होतं. ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

प्रश्न : उन्हाळ्यात मी वावरात जात नाही, पण वेचणीला जावंच लागतं. थंडीतलं ऊन चालतं ना?
– एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : ऊन चटका देत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ल्युपस भडकवतात ते अतिनील किरण, उष्णता नव्हे; आणि ते ढगांतूनही येतात. नुसती त्वचाच नव्हे, ताप आणि सांधेही उठू शकतात. शक्यतो उजाडताच वेचायला लागा, दहापर्यंत आटोपा, उरलेलं चारनंतर. दव असलं तर कापूस ओला येतो म्हणून मालक कुरकुरतील; अशा दिवशी सावलीतलं काम मागून घ्या. दुपट्टा दाट विणीचा, गडद रंगाचा हवा. उजेडाकडे धरून पाहा : आरपार दिसला तर तो कामाचा नाही. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि एसपीएफ ३० च्या वरचं मलम. ते दर दोन तासांनी आणि घाम आला की पुन्हा लावा. मान, कान आणि हातांची मागची बाजू हमखास राहून जाते.

प्रश्न : मुलीला ल्युपस आहे. लग्न करावं का? मूल होईल का?
– एक आई, गडचिरोली जिल्हा

उत्तर : करावं. आजार संसर्गाने पसरत नाही. मूलही होतं, मात्र आजार किमान सहा महिने शांत हवा. मायकोफेनोलेट हे गर्भाला अपायकारक औषध चालू असेल तर दिवस राहण्याच्या निदान सहा आठवडे आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालूच ठेवायचं. अँटी-रो आणि अँटीफॉस्फोलिपिड या दोन तपासण्या आधीच करा. पहिलीवरून बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायचं की नाही ते ठरतं, दुसरीवरून गर्भपाताचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कळतो.