ड्रोन टीममध्ये इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याने कोणते काम मागावे?

इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षात असताना कॉलेजच्या ड्रोन टीममध्ये जागा मिळेल का, आणि मिळाल्यास कोडिंगच्या गटात जावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी अशा टीममध्ये दोन वर्षे काम केले आहे. जागा नक्की मिळू शकते. मात्र बॅटरीपासून मोटरपर्यंतची सगळी वीजव्यवस्था, जिला टीममध्ये नुसते ‘पॉवर’ म्हणतात, ते काम तुम्ही मागून घ्यावे.

बहुतेकांचा ओढा फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनचा तोल आणि दिशा सांभाळणाऱ्या सर्किटच्या, कोडिंगकडे असतो. परंतु पिक्सहॉक नावाच्या कंट्रोलरवर चालणारे आर्डुपायलट हे मुक्त सॉफ्टवेअर जगभरच्या वापरातून तावून सुलाखून निघालेले आहे. तारा, जोड आणि बॅटरी यांची मांडणी मात्र प्रत्येक टीमला आपल्या ड्रोनपुरती नव्याने करावी लागते, आणि आमचे बहुतेक बिघाड तिथेच सापडले.

आमचा ड्रोन हवेत एका जागी थांबवायला गेले की घिरट्या घालू लागे आणि प्रत्येक घिरटीला वर्तुळ मोठे होत जाई. आठवडाभर आम्ही पीआयडीचे, म्हणजे ड्रोनने आपली चूक किती जोराने सुधारावी हे ठरवणारे, आकडे बदलत राहिलो. अखेर उड्डाणाचा लॉग उघडला, तेव्हा ड्रोनचे तोंड जिथल्या तिथे असतानाही थ्रॉटल (मोटरना दिलेला जोर) वाढताच होकायंत्राची दिशा सरकत असल्याचे दिसले. बॅटरीची धन तार होकायंत्राच्या खालून आणि ऋण तार फ्रेमच्या दुसऱ्या बाजूने नेलेली होती. एकट्या सरळ तारेतून ३० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर ५ सेंटिमीटर अंतरावर सुमारे १२० मायक्रोटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. दोन्ही तारांची उलट क्षेत्रे एकमेकांना खोडावीत म्हणून त्या एकमेकींभोवती पिळून घेतल्या, होकायंत्र दांडीवर उंच बसवले आणि ड्रोन जागेवर थांबला. हे निदान आमच्या शाखेच्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी करायला हवे होते, असे मला आजही वाटते.

निवडीच्या मुलाखतीसाठी मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. चार सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट दाखवते. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध ५ मिलीओहम धरला, तर ६० अँपिअर ओढताना १.२ व्होल्ट आतच पडतात. एवढे तोंडी मांडता आले आणि भार असताना कोणताही सेल ३ व्होल्टच्या खाली का जाऊ द्यायचा नाही हे सांगता आले, तर तुमची तयारी समोरच्याला कळते.

सोल्डरिंगचा सराव मात्र आजपासून करा. जाड तारेला आणि बॅटरी जोडायच्या एक्सटी६० कनेक्टरला २५ वॅटचे आयर्न पुरत नाही; धातू पुरेसा तापत नाही आणि जोड वरून धरलेला दिसला तरी आतून कच्चा राहतो, मग प्रवाह वाढला की तोच गरम होतो. ६० वॅटचे आयर्न घ्या, तार आणि कनेक्टरची वाटी दोन्ही आधी तापवा, कथील आपोआप आत ओढले गेले पाहिजे. असा नीट जमलेला एक जोड मुलाखतीला सोबत घेऊन जा.