मागच्या मॉडेल वर्षाची, न खपलेली मासेमारी बोट घेताना किती सूट मागावी आणि कशी?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: डीलरकडे दोन मॉडेल वर्षं मागची बोट पडून आहे, पाण्यात कधी उतरलेली नाही. तो म्हणतो "नवीच तर आहे", आणि छापील किमतीवर १० टक्के सोडायला तयार आहे. अजून ताणावं का, हा तुमचा प्रश्न.

ताणा. अशीच एक मी २०२४ च्या मोसमाअखेरीस घेतली. १७ फुटी ॲल्युमिनियमची, ९० अश्वशक्तीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून लटकणारं इंजिन), २०२२ चं मॉडेल.

आधी ते १० टक्के डोक्यातून काढा. छापील किमतीला बोट घेणारे तसे थोडेच. या वर्षीची तीच बोट, त्याच इंजिनासह, खरोखर कितीला सुटते ते दोन-तीन डीलरांकडून लेखी मागवा. वाहतूक, जोडणी, ट्रेलर, कागदपत्रांचा खर्च, कर, सगळं धरून. समजा छापील १०० ची बोट प्रत्यक्षात ९२ ला मिळतेय. मग तुमच्या डीलरच्या ९० चा अर्थ काय? दोन वर्षांच्या जुनेपणाचे त्याने फक्त २ कापले. सूट मोजायची ती या ९२ पासून खाली.

किती खाली, याचं उत्तर वापरलेल्या बोटींच्या जाहिरातींत सापडतं. तेच मॉडेल, तेच इंजिन, जवळपास तेवढेच तास चाललेलं, पण एक बोट दोन वर्षं जुनी आणि दुसरी चार. दोघींच्या भावातला फरक हा दोन मॉडेल वर्षांचा बाजारभाव. एका जोडीवर जाऊ नका, पाच-सहा जोड्या काढा. उद्या तुम्ही विकायला निघालात तर "अहो, मी ही नवी कोरी २०२४ मध्ये घेतली" हे कुणी ऐकून घेत नाही, समोरचा कागदावरचं मॉडेल वर्ष बघतो. तो तोटा घेतल्या दिवसापासून तुमच्या माथी आहे, तेव्हा तो किमतीतून वळता झालाच पाहिजे. ही डीलरची मेहेरबानी नव्हे.

बोट १०-१२ वर्षं ठेवणार असाल तर मात्र हा फरक बराच विरघळतो. तेव्हा त्यासाठी फार अडून बसू नका, बोट मनासारखी आहे का ते बघा.

आता जुनेपणाचा पुरावा. बोटीच्या ट्रान्समवर, म्हणजे मागच्या ज्या फळीला इंजिन लटकतं तिच्यावर, उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ सांगाड्याचा क्रमांक कोरलेला असतो. अमेरिकी पद्धतीत तो १२ अक्षरांचा, आंतरराष्ट्रीय पद्धतीत सुरुवातीला देशाची दोन अक्षरं लागून १४ चा. दोन्हींत शेवटची चार स्थानं वाचायची. पहिलं अक्षर महिना: ए म्हणजे जानेवारी, तिथून क्रमाने एल म्हणजे डिसेंबर. पुढचा आकडा बांधणीच्या सालाचा शेवटचा अंक. आणि शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्ष. शेवट 'एच२२३' असेल तर बोट ऑगस्ट २०२२ मध्ये बांधली, पण मॉडेल २०२३ चं.

माझ्या विक्रेत्याने सांगितलं होतं, "मॉडेल २०२२ चं खरं, पण बनली अगदी शेवटी शेवटी." मी गुडघे टेकून मोबाइलच्या उजेडात बघितलं: डी२२२. एप्रिल. तसाच सरकत ट्रेलरच्या चाकाशी गेलो. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. तिथे १४२१ होतं, म्हणजे टायर बोटीपेक्षाही वर्षभर थोरले, तोवर साडेतीन वर्षांचे झालेले, आणि एकाच जागी वजन झेलत उन्हात उभे. मी काही बोललो नाही, फक्त दोन्ही आकडे वहीत टिपले. त्यानंतर "नवीच आहे" हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

डीलर कुठे हळवा असतो तेही ओळखून ठेवा. बोटी बहुधा त्याने स्वतःच्या पैशाने भरलेल्या नसतात, माल गहाण ठेवून कर्ज काढलेलं असतं. सुरुवातीचे काही महिने व्याजाचा भार अनेकदा बोट बनवणारी कंपनी उचलते. ती मुदत सरली की व्याज डीलरच्या अंगावर. आणखी काळ गेला की कर्ज देणारा बोट विकली नसली तरी मुद्दल टप्प्याटप्प्याने परत मागायला लागतो. म्हणून एक वर्ष पडून असलेल्या बोटीपेक्षा दोन वर्षं पडलेली बोट त्याला कितीतरी जास्त टोचते. तुमची दोन वर्षांची आहे. "ही तुमच्याकडे कधी आली?" हा प्रश्न सहज, गप्पांच्या ओघात विचारा. आणि त्याने खरेदीचं बिल दाखवून "बघा, माझ्याच घरात पडतेय" म्हटलं तर मान डोलवा, पण भुलू नका. जुना माल काढायला कंपनीकडून मिळणारी सवलत त्या बिलावर दिसत नाही. अशी योजना सध्या चालू आहे का आणि कधी संपते, हे थेट विचारलेलं चालतं.

मोसम संपताना जा. हिवाळाभर बोट सांभाळायची, त्यात नव्या वर्षाची मॉडेलं येऊन जागा अडवतायत, तेव्हा माणूस ऐकून घेतो. मोसमाच्या तोंडावर गेलात तर त्याला दुसरं गिऱ्हाईक दिसत असतं.

पडून राहिलेल्या बोटीचं खरं काय बिघडतं, हे मात्र नीट बघा. यात मी जवळजवळ फसलो होतो. बोट उघड्यावर होती, आच्छादन एका बाजूने फाटलेलं, आणि ट्रेलर पुढे झुकलेला. मी पुढची बाजू उचलून धरायला लावली आणि मागचं बूच काढलं. आधी थेंब थेंब, मग काळपट पाण्याची धारच लागली, सोबत कुजलेली पानं. दोन मिनिटं ती वाहत होती आणि आम्ही दोघे बघत उभे. ॲल्युमिनियम त्याने मरत नाही. पण तळात तरंगण्यासाठी भरलेला फोम पाणी पिऊन बसला तर ते वजन सहजी जात नाही. म्हणून ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली आणि माहितीपत्रकातल्या वजनांशी ताडून पाहिली. सुदैवाने ताळा जमला. नसता जमला तर कितीही सूट मिळाली तरी मी तिथून निघालो असतो.

बाकीचं बदलता येतं. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर पडून पडून कडक होतो. चार्ज न करता ठेवलेली शिशाची बॅटरी सल्फेट धरून मरते. टाकीत पेट्रोल असेल तर ते शिळं. ट्रेलरच्या बेअरिंगचं ग्रीस. टायर अर्थातच. आणि इंजिनाच्या संगणकातून तासांची नोंद काढून घ्या: १-२ तास ठीक, ३०-४० निघाले तर ती गिऱ्हाइकांना फिरवून दाखवलेली बोट, तिचा हिशेबच वेगळा.

वॉरंटी तोंडी घेऊ नका. साधारणपणे ती पहिल्या गिऱ्हाइकाच्या खरेदीपासून सुरू होते, पण कुणी ती आधीच नोंदवून ठेवली असेल तर घड्याळ कधीचं चालू झालेलं असतं. बोटीची आणि इंजिनाची वॉरंटी वेगवेगळी, क्रमांकही वेगळे. दोन्ही क्रमांक देऊन कंपन्यांना स्वतः विचारा आणि सुरुवातीची तारीख करारात लिहून घ्या.

बोलणीच्या वेळी मी "शेवटचं काय ते सांगा" म्हणालोच नाही. असं म्हटलं की तो आकडा टाकतो आणि आपण त्याच्याभोवती फिरत राहतो. मी वही उघडली आणि म्हणालो, "या वर्षीची ९२ ला मिळतेय. दोन वर्षांचा फरक बाजारात इतका आहे. टायर, बॅटरी, इम्पेलर तुम्ही बदलून द्या. सगळं धरून माझा आकडा हा, आणि पैसे या आठवड्यात." मग गप्प बसलो. ते गप्प बसणं फार जड गेलं, खोटं कशाला सांगू. तो उठून आत गेला, बऱ्याच वेळाने आला, मध्यावर येऊ या म्हणाला. मी थोडा वर सरकलो, मध्यापर्यंत नाही. तिथे घोडं अडलं. मी नंबर ठेवून निघून आलो. चौथ्या दिवशी त्याचाच फोन.

किमतीऐवजी तो फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), जॅकेटं, दोऱ्या असं काही पुढे करेल. त्याला त्या वस्तू तुमच्यापेक्षा स्वस्तात पडतात, म्हणून तो खूश असतो. मी आधी रोख किंमत पक्की करतो आणि मग वस्तूंवर येतो, आणि वस्तूही अशाच मागतो ज्या मी एरवी विकत घेणारच होतो. पहिली सर्व्हिस मागून बघा, अनेक आउटबोर्डना ती २० तासांतच लागते.

मला टायर, बॅटरी, इम्पेलर आणि ती सर्व्हिस मिळाली, आकडा माझ्या पहिल्या बोलीच्या किंचित वर. ट्रोलिंग मोटर (मासे धरताना बोट हळू सरकवणारी छोटी विजेची मोटर) मात्र त्याने शेवटपर्यंत दिली नाही.