वाचक विचारतात : दरवर्षी पुढे जाऊन गुडघे टेकतो, तरी मन निवत नाही

प्रश्न : पाळकसाहेबांना सलाम. आम्ही मूळचे नगरकडचे. वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात होते, त्यांनी वाशीला सिडकोचं घर घेतलं. आई आधीच गेली होती. वडील वारल्यावर मी ताईकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. ‘सोसायटीत नाव लावायला कागद लागतो, तुझं काय ते मागाहून बघू,’ म्हणालो. बघितलं नाही. ती कळव्याला चाळीत भाड्याने राहते. आता आमची इमारत पुनर्विकासाला गेलीय, मोठं घर मिळणार आहे, तोवर बिल्डरकडून भाडंही येतं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत संजीवन सभेत पश्चात्तापाची हाक देतात, तेव्हा मी पुढे जातो, रडतो. चार दिवस हलकं वाटतं, मग पुन्हा तेच. माझा विश्वास कमी पडतो का? देव मला क्षमा करील का? — एक वाचक, वाशी

उत्तर : भाऊ, सलाम. तुम्ही विश्वासाबद्दल विचारलंत, क्षमेबद्दल विचारलंत. ताईंबद्दल मात्र प्रश्न नाही. मी तिथूनच सुरुवात करतो.

बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीकाठी पश्चात्तापाची हाक देत होता, तेव्हा लोकांनी त्याला रोखठोक विचारलं : मग आम्ही करायचं काय? लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याची उत्तरं आहेत. दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायाने कुणाला दमदाटी करून पैसे उकळू नयेत, पगारात भागवावं. रडायला त्याने एकालाही सांगितलं नाही. (ठाण्याला तलावपाळीजवळच्या जुन्या चर्चला याच योहानाचं नाव आहे. कळव्याला जाताना गाडी बदलायला तुम्ही ठाण्यालाच उतरणार.)

तुमचे अश्रू खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण पुढे जाऊन गुडघे टेकायला तुम्हाला काही सोडावं लागत नाही. वेदीशी दान आणलंस आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभूने सांगितलं आहे. तुम्हाला दरवर्षी आठवतं आणि दरवर्षी तुम्ही वेदीशीच थांबता.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्यासारखा माणूस एकदा हलला की हिशेब चुकता करून मोकळा व्हायला बघतो. पैसे घेऊन येशूला धरून देणाऱ्या यहूदानेही पैसे परत केले होते. चांदीची तीस नाणी याजकांपुढे टाकली, ‘मी पाप केलं’ हेही कबूल केलं. ‘त्याचं आम्हांला काय?’ म्हणाले ते. तिथून तो येशूकडे वळला नाही, एकटाच गेला आणि जिवाला मुकला. येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर येशूची ओळखच नाकारली होती, तीही तीनदा. तोही रडला, पण तिबिर्याच्या समुद्रकिनाऱ्यावर प्रभू उभा आहे हे कळताच त्याने पाण्यात उडी टाकून काठ गाठला. अजून क्षमेचा शब्दही त्याच्या कानावर पडला नव्हता! मला भरवसा दिसतो तो त्या उडीत. जक्कय या जकातदाराचंही तेच. येशूने आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवलं. लुबाडलेलं चौपट परत करण्याची भाषा त्याने केली ती नंतर. तेव्हा क्षमेची किंमत म्हणून ताईंना काही देऊ नका. ते त्यांचंच आहे, म्हणून द्या.

घर हातचं जाईल, बायको बोलेल, भाचे कोर्टात जातील ही तुमची भीती मला पत्रात दिसते, तुम्ही लिहिली नसली तरी. ताई माफ करतील अशी हमी मी देत नाही. त्यांना तशी सक्तीही नाही. ‘बरं झालं आलास’ म्हणतील किंवा दार लावून घेतील. दोन्हीत देव तुम्हाला टाकणार नाही, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो.

व्यवहाराचं थोडं. आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. आई आधी गेलेली आणि तुम्ही दोघंच असाल, तर अर्धं घर ताईंचं होतं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र आपण ठरवलं म्हणून रद्द होत नाही. बक्षीसपत्राने हिस्सा द्यायचा की बाजारभावाने रक्कम, हे नव्या घराचा करारनामा नोंदवण्याआधी वकिलाला विचारा. आलेल्या भाड्याचाही हिशेब धरा.

पण वकिलाच्याही आधी पत्नीला सगळं सांगा. नव्या घराची स्वप्नं त्यांनीही पाहिली असतील. मग कळव्याला एकटे जा, पाळकांना सोबत नेऊ नका. ‘देवाने मला पाठवलं’ असंही म्हणू नका, तसं म्हटलंत तर ताईंना रागवायलाही जागा उरणार नाही. ‘मी तुला फसवून सही घेतली’ असं सरळ म्हणा, आणि किती देणार तो आकडा त्याच बैठकीत सांगा.